तूर अब्दिनमधल्या गावाचा इतिहास शोधायचाय? मग असं करा

तुर्कस्तानात मिदयात शहराच्या आजूबाजूला तूर अब्दिन नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथे सिरियाक ख्रिश्चन (सिरियाक ही ज्यांच्या चर्चची जुनी भाषा) आणि कुर्द पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आलेत. आधी गावाची सगळी नावं लिहून काढा. सिरियाक ज्याला ऐन वर्दो म्हणतात ते नकाशावर ग्युलगोझे म्हणून सापडेल, काफ्रोचं एल्बेएन्दी झालंय, सरकारने विसाव्या शतकात तुर्की नावं चिकटवली त्याचा हा घोळ.

मग चर्चमधले शिलालेख आणि हस्तलिखितं बघा. तिथे बऱ्याचदा ग्रीक सन असतो, त्यातून ३११ वजा करायचे, ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ३१२. म्हणजे २२२६ सालचा उन्हाळा म्हणजे आपला १९१५. लिपी वाचता येत नसेल तर आपल्याला तसं लांब जायला नको, कोट्टायमला सीरी नावाची संस्था आहे, तिथे सिरियाक शिकवतात.

आता १९१५, सगळ्यात अवघड भाग. त्या वर्षी ऑटोमन तुर्की साम्राज्यात सिरियाक ख्रिश्चनांच्या कत्तली झाल्या, सिरियाक त्याला सैफो म्हणतात, म्हणजे तलवार. ऐन वर्दोत आसपासच्या गावांतले लोक जीव वाचवायला येऊन राहिले होते आणि बाहेर ऑटोमन सैनिक नि कुर्द टोळ्यांचा वेढा, तो शेवटी मिटवला शेख फतहुल्लाह नावाच्या मुस्लिम धर्मगुरूंनी, भरवसा म्हणून पोटचा मुलगा ओलीस ठेवून. म्हणून "कुर्दांनी मारलं" किंवा "कुर्दांनी वाचवलं" असं एका ओळीत उरकू नका, कुठल्या टोळीने, कुठल्या शेखने, असं नावानिशी विचारा. कुर्दांकडे देंगबेज गायकांची गाणी असतात, तीही ऐका, पण गाण्यातली तारीख धरून चालू नका हां.

आणि गावातच म्हातारी माणसं शोधत बसू नका. साठच्या दशकापासून लोक कामासाठी जर्मनीला गेले, नंतर पीकेके ही कुर्दांची सशस्त्र संघटना आणि तुर्की लष्कर यांच्या लढाईत उरलेलेही निघाले, त्यामुळे निम्म्या आठवणी जर्मनीत नि स्वीडनच्या सॉदरतेल्ये शहरात मिळतील. काफ्रो तर नव्वदच्या दशकात रिकामंच झालं होतं, २००६ ला काही कुटुंबं परत आली.

जमिनीचा विषय मात्र लगेच काढू नका. मालक परदेशात असताना बऱ्याच जमिनी सरकारी खजिन्याच्या, जंगलाच्या किंवा शेजाऱ्यांच्या नावावर गेल्यात, केसेस झाल्यात, आणि तुम्ही वहीपेन काढून हद्द विचारलीत की वकिलाचा माणूस आलाय असंच वाटणार.