आधी धुवा, मग घासा: बॉडी किटचं काम शिकताना मी खाल्लेली ठेच

बॉडी किट म्हणजे गाडीला बाहेरून बसवायचे जादा भाग. त्यात साइड स्कर्ट म्हणजे दारांखालची पट्टी, लिप म्हणजे बंपरखालची कड, कोणत्या नंबरचा घासायचा पेपर कधी घ्यायचा, एवढं तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. येत नसेल तर आठवडाभर एखाद्या पेंट बूथच्या दारात उभं राहा, येईल. मी सांगतोय ते त्याच्या पुढचं, आणि त्यातलंही बरंचसं एकाच चुकीबद्दल. ती चूक करून मला काही वर्षं झाली, पण अजून नवीन पीस खोक्यातून काढताना पोटात गोळा येतो.

माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एका लाल टू-सीटर स्पोर्ट्स कारचे फायबरग्लासचे साइड स्कर्ट आणि मागच्या झाकणावरचा डकटेल. पोर्शेने 1972 मध्ये 911 कॅरेरा आरएस 2.7 वर आणली होती तशी वर वळलेली शेपटी. वेगात गाडीचा मागचा भाग हलका पडू नये, हा तिचा मूळ उद्देश. आमच्या गाडीच्या मालकाला मात्र ती फक्त दिसायला हवी होती, आणि त्यात काही गैर नाही.

पीस आले ते काचेसारखे चकचकीत. मी 320 चा पेपर घेतला आणि घासायला बसलो. दोन तासांत सगळी चमक गेली, सगळीकडे एकसारखा मॅट आला. मग डीग्रीझरने (तेल-मेण काढणाऱ्या द्रावणाने) पुसलं, टॅक क्लॉथ (धूळ टिपणारं चिकट फडकं) फिरवला आणि प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या थराचा, पहिला हात मारला. डोळ्यांदेखत चार-पाच ठिकाणी प्रायमर मागे सरकला आणि मसुराएवढे गोल खळगे पडले. मधोमध खालचा जेलकोट (फायबरग्लासचा वरचा गुळगुळीत थर) दिसतोय आणि कडेला रंगाची कड उभी. यालाच फिशआय म्हणतात.

आता हे नीट समजून घ्या. कंटाळा आला तरी वाचा.

फायबरग्लासचा पीस साच्यात तयार होतो. तो साच्याला चिकटून बसू नये म्हणून साच्याला आधी मेण लावतात, कधी त्यावर पीव्हीए या प्लॅस्टिकची पातळ फिल्मही मारतात. पीस बाहेर येताना त्यातलं थोडं स्वतःच्या अंगावर घेऊन येतो. ते डोळ्यांना दिसत नाही, उलट त्यानेच पीस जास्त सुंदर दिसतो. तुम्ही न धुता पेपर मारलात की मेण निघून जात नाही. घासताना ते गरम होतं, मऊ पडतं आणि पेपरने पाडलेल्या प्रत्येक चरीत जाऊन बसतं. म्हणजे रंगाने जिथे पकड घ्यायची, नेमकं तिथेच तुम्ही मेण भरून ठेवलंत. नंतर कितीही पुसा, फडकं वरच्या टोकांवरून फिरतं, चरीच्या तळाला पोचत नाही. तोच पेपर पुढच्या पीसवर वापरलात तर तोही गेला.

वर रंग मारला की त्याचं अळवावरचं पाणी होतं. त्या जागेला रंग पसरूच देत नाही, तो अंग चोरून बाजूला होतो. आणि फिशआय पडले तर उलट नशीब समजा, निदान दिसले तरी. जिथे मेणाचा थर अगदी पातळ असतो तिथे रंग छान बसल्यासारखा दिसतो, पकड मात्र शून्य.

माझं तेच झालं. खळगे पुन्हा घासले, पुन्हा प्रायमर मारला, पुन्हा खळगे. तेव्हा कोणीतरी शहाण्याने सल्ला दिला, रंगात फिशआयवर मिळतं ते औषध टाक. टाकलं. खळगे भरले, बेस (मूळ रंग) झाला, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) झाला, गाडी आरशासारखी दिसली, मालक खूश होऊन घेऊन गेला. सहा आठवड्यांनी परत आला. प्रेशर वॉशरने धुताना डाव्या स्कर्टच्या कडेपासून रंगाचा पापुद्रा सुटला होता. मी त्याच्यासमोर नखाने थोडा ओढला आणि तळहाताएवढा तुकडा अलगद हातात आला, खाली स्वच्छ जेलकोट. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या औषधाबद्दल माझं मत ऐकून ठेवा. त्यात बहुतेक वेळा सिलिकॉनच असतं. सगळा रंगच तेवढा निसरडा करून टाकायचा म्हणजे खळगा वेगळा दिसत नाही, ही त्याची युक्ती. पकड त्याने येत नाही. वर स्प्रे गन, पाइप, बूथ सगळीकडे सिलिकॉन पसरतं आणि पुढच्या गाडीला विनाकारण फिशआय पडतात. मी ते शेल्फवर ठेवत नाही. टायर पॉलिशचा स्प्रेसुद्धा बूथच्या आसपास मारू देत नाही.

बरोबर क्रम असा. आधी कोमट पाणी आणि साबण, कारण पीव्हीए पाण्यात विरघळतं, मेण विरघळत नाही. ते वाळलं की मेण-ग्रीस काढायचा डीग्रीझर, दोन फडक्यांनी: एकाने ओलं करायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. उडून जाऊ दिलंत तर मेण जागेवरच राहिलं, फक्त पसरलं. फडक्याची घडी सतत बदला. मग पाण्याची परीक्षा. पीसवर स्वच्छ पाणी ओता. पाणी सलग चादरीसारखं उतरलं तर झालं. कुठे थेंब गोळा झाले, कुठे चादर फाटली, तर ती जागा पुन्हा. इतकं झाल्यावरच पेपर हातात घ्यायचा, आणि घासून झाल्यावर परत एकदा डीग्रीझर. माझ्या उस्तादांना मी हे सगळं रडवेल्या तोंडाने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, मग मला पाणी ओतताना तू बघत नव्हतास?" बघत होतो. मला वाटायचं ते धूळ धुतायत.

म्हणून उस्ताद निवडताना एक बघा: तो कारण सांगतो का. माझे हाताचे जादूगार होते, पण विचारल्याशिवाय बोलत नसत, आणि मला विचारायची लाज वाटायची. कमी हुशार पण बडबडा माणूस नवशिक्याला जास्त उपयोगी पडतो. व्हिडिओंचं म्हणाल तर त्यात पाणी ओतण्याचा भाग कापलेला असतो, कारण तो बघायला कंटाळवाणा आहे.

एबीएस प्लॅस्टिकच्या पीसला हेच, फक्त डीग्रीझर प्लॅस्टिकला चालणारा घ्या आणि वर प्लॅस्टिकचा अॅडहेजन प्रमोटर (रंगाला पकड देणारा थर) मारा. एसीटोन चुकूनही लावू नका, एबीएस त्यात विरघळतं. पॉलियुरेथेनचा लिप असेल तर रंगात तो लवचीक ठेवणारं फ्लेक्स अॅडिटिव्ह लागतं. लांबी (पुट्टी), प्रायमर, 600-800 चा वॉटर पेपर, बेस, क्लिअर, हे तुम्हाला येतंच.

क्लिअरवरून एक आठवलं, आणि इथे मी मवाळ बोलणार नाही. हार्डनरवाल्या टू-के (दोन घटक मिसळून मारायच्या) क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा धोका वासावरून कळत नाही, कळतो तेव्हा दमा झालेला असतो आणि पुढे आयुष्यभर थोड्याशा वाफेनेही छाती भरते. तोंडाला रुमाल बांधून गन मारणारा कितीही मोठा कारागीर असो, त्याचं अनुकरण करू नका. बाहेरून हवा पुरवणारा मास्क मिळत नसेल तर ते काम घेऊ नका.

पीस बसवण्याला लोक चार स्क्रूंचं काम समजतात. बीएमडब्ल्यूने 1973 मध्ये 3.0 सीएसएल या गाडीचा मागचा मोठा विंग जर्मनीत डिकीत ठेवून दिला होता, कारण तिथल्या नियमांत तो रस्त्यावर बसवून विकता येत नव्हता. मालकाने घरी नेऊन बसवायचा. मला नेहमी प्रश्न पडतो, त्यातले किती सरळ बसले असतील.

रंगाआधी पीस गाडीवर लावून बघायचाच. चारही चाकं जमिनीवर ठेवून बघा, जॅकवर नाही, आणि स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून. फट जुळत नसेल तर पीस घासा किंवा तापवून वळवा. पाच मिलिमीटरच्या फटीत लांबी भरणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही.

लांब एबीएस स्कर्टचं गणित वेगळं. 1.8 मीटरचा पीस सकाळच्या गारव्यात आणि भर उन्हात, धरा 40 अंशांचा फरक, पाच ते सात मिलिमीटर लांब होतो. खालचा पत्रा एक मिलिमीटरही वाढत नाही. सगळे स्क्रू घट्ट आवळलेत तर पीस मधून फुगतो किंवा टोकाला चिरतो. मधला एक स्क्रू पक्का, बाकीची भोकं लांबट. पत्र्याला भोक पाडलं तर कडेला लगेच प्रायमर लावा.

पीस चिकटवायच्या टेपला तर पहिलाच धडा पुन्हा लागू. गाडीच्या रंगावरही पॉलिशचं मेण असतं, ते काढल्याशिवाय टेप धरत नाही. अॅक्रेलिक फोम टेप 10 अंशांच्या खाली लावू नका, आणि लावल्यावर पूर्ण लांबीभर अंगठ्याने जोर देऊन दाबा. वीसेक मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, चोवीस तासांत नव्वद टक्के, पूर्ण यायला बहात्तर तास.

एक पीस बिघडला तर घाबरू नका. माझे ते दोन्ही स्कर्ट मी पूर्ण सोलले, धुतले, परत केले, माझ्याच खर्चाने, आणि ते अजून गाडीवर आहेत. हात बसायला वेळ लागतो, त्यात कमीपणा नाही. फक्त मालक दुसऱ्याच दिवशी "एकदा धुऊन नेतो ना" म्हणत दारात येतो, तेव्हा किल्ली देऊ नका. मी तीन दिवस गाडी माझ्याकडेच ठेवतो.