सोसायटीच्या आवारातील घट्ट माती भाजीपाल्यासाठी कशी मोकळी करावी

खत आणि पाणी वेळेवर देऊनही मेथी पिवळी पडत असेल आणि मुळा फाटे फुटून आखूड राहत असेल, तर बियाण्याला दोष देण्याआधी माती तपासावी. मुंबईतील सोसायट्यांच्या आवारात बांधकामाच्या वेळचा भराव असतो, त्यावरून डंपर गेलेले असतात आणि पुढे वर्षानुवर्षे गाड्या उभ्या राहतात; अशा जागेवर लाल मातीचा पातळ थर पसरल्याने खालचा कडकपणा जात नाही.

चांगल्या मातीत आकारमानाचा साधारण निम्मा भाग पोकळ्यांचा असतो. दाब पडला की आधी मोठ्या पोकळ्या मिटतात, आणि पाण्याचा निचरा व हवेची ये-जा तर त्यांतूनच होते. मातीचा रोध, म्हणजे आत शिरणाऱ्या मुळाला होणारा तिचा विरोध, सुमारे २ मेगापास्कलच्या (हे दाबाचे एकक आहे) पुढे गेला की बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ फारच मंदावते. मुळे वरच्या थरात आडवी पसरतात, त्यामुळे पावसाने चार दिवस दडी मारली तरी रोप कोमेजते. उलट पाणी साचले, तर प्राणवायूअभावी जिवाणू नायट्रेटचे विघटन करतात आणि नत्र वायुरूपाने उडून जाते. पिवळेपणाचे हे एक मोठे कारण आहे, आणि म्हणूनच अशा जमिनीत युरियाची मात्रा वाढवणे मला व्यर्थ वाटते.

तपासणीसाठी पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांनी पेन्सिलच्या जाडीची लोखंडी सळई जमिनीत हाताने दाबावी आणि ती किती खोलीवर अडते हे अनेक ठिकाणी मोजावे. एखादे रोप उपटून मुळे पाहिली, तर एकाच खोलीवर ती काटकोनात वळलेली दिसतात.

माती मोकळी करण्याचे काम वाफशावरच करावे. मूठभर माती दाबून केलेला गोळा बोटाच्या हलक्या टोकरण्याने फुटला, तर वाफसा आला असे समजावे. तो चिकट राहिला तर थांबावे, कारण ओल्या मातीत टिकाव चालवल्याने आणि त्यात पाय रोवून उभे राहिल्याने ती पूर्वीपेक्षा अधिक घट्ट होते. मुंबईत पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर यासाठी सोयीचा असतो. टिकावाने किंवा गार्डन फोर्कने सुमारे ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत माती सैल करावी, मात्र थर उलटेपालटे करू नयेत. विटांचे आणि काँक्रीटचे तुकडे वेचून काढावेत. आंबा, नारळ अशा झाडांच्या बुंध्याजवळ हे खोदकाम मुळीच करू नये. त्यानंतर ५ ते ७ सेंटिमीटर कुजलेले कंपोस्ट वरच्या थरात मिसळावे. चिकणमातीत थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण त्याने माती बहुधा अधिकच कडक होते.

भराव फोडणे शक्यच नसेल, तर त्यावर गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफे, करावेत. वाफ्याची रुंदी चार फुटांहून अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. माझ्या मते सगळ्या उपायांत हाच नियम सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण सैल केलेली माती फार सहज दबते. जून ते सप्टेंबर या काळात पावसाचे थेंब उघड्या मातीवर कवच धरवतात, म्हणून पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे, किंवा ताग पेरून तो फुलोऱ्यावर येताच मातीत मिसळावा.

पहिल्या हंगामात मेथी, पालक आणि कोथिंबीर घ्यावी. मुळा आणि गाजर मात्र सळई सहज ३० सेंटिमीटर जाऊ लागल्यावरच लावावे.