धरायचे, ओढायचे नाही: टॅरँट्युलाची कात अडकते तेव्हा

टॅरँट्युला म्हणजे घरीही पाळला जाणारा मोठा, केसाळ कोळी; त्याच्या कात टाकण्याबद्दल जे प्राथमिक आहे, ते तुम्ही वाचलेलेच असेल. उदरावरचा टकला भाग काळवंडतो, खाणे सुटते, जाळ्याची चटई विणली जाते आणि एके दिवशी ती उताणी पडलेली दिसते. उताणी म्हणजे मेलेली नव्हे, मेलेली बहुधा पायांवरच, पाय पोटाखाली मुडपलेल्या अवस्थेत सापडते, हेही आता नवख्यांना सांगावे लागत नाही. म्हणून ते सगळे सोडून देते आणि जिथे माझी चूक झाली त्या एका जागेबद्दलच सविस्तर लिहिते. ती चूक अज्ञानातून झाली नव्हती. मी पुरेसे वाचले होते, आणि त्या वाचनामुळेच आपण मदत करू शकतो असा माझा समज झाला होता.

माझी टॅरँट्युला ब्रॅकिपेल्मा हामोरी जातीची आहे, म्हणजे मूळची मेक्सिकोच्या पॅसिफिक किनारपट्टीकडची आणि गुडघ्यांवर नारिंगी पट्टे असलेली. २०१७ पर्यंत पाळीव जगात ही जात बहुधा ब्रॅकिपेल्मा स्मिथी याच नावाने ओळखली जात असे, त्यामुळे जुनी माहिती शोधताना तेही नाव लक्षात ठेवावे. ती माझ्याकडे आली तेव्हा अर्धवट वाढलेली होती आणि मी तिला ‘तो’ म्हणत असे.

माझ्या डोळ्यांसमोर घडलेली तिची पहिली कात रात्री सुरू झाली. ती उताणी झाली आणि जवळजवळ तीन तास काहीच घडले नाही. मग शिरोवक्षावरची, म्हणजे डोके आणि छाती एकत्र असलेल्या पुढच्या भागावरची ढाल डब्याचे झाकण उचलावे तशी वर आली, उदराच्या दोन्ही बाजूंची त्वचा फाटली आणि पाय बाहेर येऊ लागले. ते अर्धे बाहेर आल्यावर सगळे थांबले. पाच मिनिटे, दहा मिनिटे, वीस मिनिटे हालचाल नाही. मी घाबरून एका अनुभवी म्हणवणाऱ्या पालकाला छायाचित्र पाठवले. क्षणार्धात उत्तर आले की कात अडकली आहे, हळूच ओढून काढा. मी चिमट्याने डाव्या बाजूच्या शेवटच्या पायावरची जुनी कात पकडली आणि अगदी हळू, मला त्या वेळी अगदी हळू वाटले तसे, ओढले. कातीबरोबर पायही मुळापासून निघून आला. त्यानंतर अवघ्या काही मिनिटांत उरलेले सातही पाय तिने स्वतःच सोडवून घेतले. ती अडकलेली नव्हती, विसावा घेत होती.

हा विसावा का असतो, ते नीट समजून घ्या, कारण साऱ्या घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. टॅरँट्युलाच्या पायांतल्या काही मुख्य सांध्यांना ते सरळ करणारे स्नायूच नसतात. पाय सरळ होतो तो आतल्या द्रवाच्या, म्हणजे हिमोलिम्फच्या दाबाने. कात टाकताना हाच दाब सगळे काम करतो. उदरातला द्रव पुढच्या भागात ढकलला जातो, त्या जोरावर ढाल उचकटते आणि मग आठ पाय, दोन पेडिपाल्प (तोंडाजवळचे पायांसारखे अवयव) आणि विषदंत, इतके सगळे अवयव जुन्या आवरणातून एकाच वेळी बाहेर काढायचे असतात. हे काम लाटांसारखे चालते, थोडा जोर आणि मग स्तब्धता, पुन्हा थोडा जोर आणि पुन्हा स्तब्धता. पाहणाऱ्याला स्तब्धता जास्त दिसते, कारण जोर लावला जातो तेव्हा पाय जेमतेम केसभर सरकतो. आणि त्या वेळी नवे आवरण इतके मऊ असते की आपल्या दृष्टीने हलका असलेला हात तिच्या दृष्टीने हलका नसतो. पायाच्या मुळाशी, पहिल्या आणि दुसऱ्या खंडाच्या मधे, पाय टाकून देण्याची एक ठरलेली जागाच असते. ताण पडला की तो तिथून सुटतो.

मग खरोखर अडकलेली कात ओळखायची कशी? घड्याळावरून नव्हे. माझा हिशेबच चुकीच्या ठिकाणाहून सुरू झाला होता, ती उताणी पडल्यापासून मी तास मोजत होते, आणि त्यामुळे पायांना जेमतेम पाऊण तास मिळालेला असताना माझ्या मनात चार तास उलटून गेले होते. उताणे पडणे ही केवळ तयारी आहे आणि तयारीला कितीही वेळ लागू शकतो. वेळ मोजायचाच असेल, तर ढाल उघडल्यापासून मोजा. त्यातही वय बघा: बोटाच्या पेरात मावणारे पिल्लू अर्ध्या तासात मोकळे होऊ शकते, पूर्ण वाढलेल्या मादीला कित्येक तास लागले तरी त्यात वावगे काही नाही.

मी आता एकच गोष्ट पाहते. जिथे नवा पाय जुन्या कातीच्या सुरकुतीत शिरलेला दिसतो, ती कड नजरेत ठेवते आणि दर पंधरा मिनिटांनी त्याच कोनातून, मंद उजेडात, डब्याला हात न लावता एक छायाचित्र घेते. नुसत्या डोळ्यांना जे सरकणे दिसत नाही, ते दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की दिसते. कड सरकत असेल, मग ती कितीही सावकाश सरकत असो, तोवर कात चालू आहे आणि तुमचे काम फक्त बसून राहण्याचे आहे. ढाल निघाली आहे, उदर मोकळे झाले आहे, आणि तरीही मोठ्या टॅरँट्युलाच्या बाबतीत सलग दोन तासांच्या छायाचित्रांत ती कड तसूभरही हललेली नाही, तरच मी अडकल्याचा संशय घेते. दोन तास हा माझा आकडा आहे, शास्त्राचा नव्हे. निःसंशय खूण एकच: ती पुन्हा पायांवर उभी राहिली आहे आणि जुनी कात एखाद्या पायाला लोंबकळत फरफटते आहे.

दुसऱ्या टोकाची चूकही असते, हेही सांगितले पाहिजे. नवे आवरण तासागणिक टणक होत जाते, आणि खरोखर अडकलेला पाय दिवसभर तसाच राहिला तर तो जुन्या कातीच्या आतच वेडावाकडा घट्ट होऊन बसतो. मात्र मी आजवर ज्यांच्याशी बोलले, त्यांत उशीर झाल्यामुळे पस्तावलेले थोडे आणि घाई केल्यामुळे पस्तावलेले पुष्कळ आहेत. बहुतेक काती आपल्या मदतीशिवाय पार पडतात आणि बहुतेक पालकांना सकाळी केवळ रिकामी कातच दिसते. तुमचीही तशीच पार पडेल, असे धरून चाला.

त्या छायाचित्रावरच्या सल्ल्याविषयी एक गोष्ट मनात राहून गेली आहे. सल्ला देणाऱ्याने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. ढाल कधी उघडली, पाण्याची वाटी कशी आहे, शेवटचे खाणे कधी झाले, विषदंत पांढरे आहेत का, यांतले काहीच न विचारता जो उपाय सांगतो, त्याच्या डब्यांत पन्नास टॅरँट्युला असल्या तरी त्याला गुरू मानू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. मला पुढे ज्या व्यक्तीकडून खरे शिकायला मिळाले, तिने पहिल्या अर्ध्या तासात फक्त प्रश्न विचारले होते आणि शेवटी ‘झोपायला जा’ एवढेच सांगितले होते.

तुटलेल्या पायाची मात्र फार चिंता करू नका. पुढच्या कातीत त्या जागी बारीक, फिकट, तोकडा पाय आला आणि त्यानंतरच्या कातीत तो इतर पायांच्या बरोबरीला आला. एका पायाविना टॅरँट्युला मजेत जगते, शिकार करते, बीळ खणते. अपराधी वाटते ते आपल्याला.

खरी अडकलेली कात माझ्या वाट्याला त्यानंतर दोन वर्षांनी आली, आणि ती बऱ्याच अंशी माझ्यामुळेच अडकली असे मी मानते. ती कित्येक आठवडे खात नव्हती, म्हणून डबा उघडण्याचे कारण उरले नव्हते, आणि डबा उघडत नाही म्हणून पाण्याची वाटी कोरडी पडलेली मला दिसली नाही. खाणे थांबले तरी पिणे थांबत नाही. जुन्या आणि नव्या आवरणाच्या मधे जो द्रव पाझरून दोन्ही सुटी होतात तो तिच्या शरीरातूनच येतो, आणि ज्या दाबावर सगळे काम चालते तोही शरीरातल्या पाण्यावरच अवलंबून असतो. म्हणून कातीची काळजी तिच्या आदल्या महिन्यात, भरलेल्या वाटीने घ्यायची असते. ती उताणी पडल्यावर घाईघाईने सगळी माती भिजवणे किंवा तिच्या अंगावर फवारा मारणे, हे उपाय मला अगदी निरुपयोगी वाटतात. फवाऱ्याने ती दचकते, कोंदट ओलाव्यात बुरशी धरते, आणि तहानलेल्या शरीरात त्या क्षणी पाणी काही शिरत नाही. कात लवकर यावी म्हणून डबा तापवणे आणि ठासून खाऊ घालणे या खटाटोपाबद्दल तर मी बोलतच नाही.

त्या वेळी ती पायांवर उभी राहिली होती आणि उजवीकडचे मागचे दोन पाय गुडघ्याखाली कातीत अडकलेले होते. मी जे केले ते असे. उथळ, हवेशीर डब्यात ओला करून पिळलेला टिश्यू अंथरला आणि तिला त्यावर घेतले. कोमट पाण्यात ग्लिसरीनचा एक थेंब मिसळला आणि अगदी बारीक, मऊ कुंचल्याने ते पाणी फक्त कात आणि पाय यांच्या सांध्यावर टेकवले. उदराच्या खालच्या बाजूला चार पुस्तकी फुप्फुसांच्या, म्हणजे पुस्तकाच्या पानांसारखे पापुद्रे असलेल्या श्वसनेंद्रियांच्या, फटी असतात, तिथे थेंबही जाऊ द्यायचा नाही. याच कारणाने साबणाच्या पाण्याच्या वाटेला मी जात नाही. वीस मिनिटे थांबले आणि पुन्हा कुंचला टेकवला, असे तीनदा केले. मधल्या वेळात लोंबकळणारी, पूर्णपणे रिकामी असलेली कात बारीक कात्रीने कापून टाकली, म्हणजे ती कशात गुंतणार नाही. पायाभोवती घट्ट बसलेल्या कड्याला कात्री लावली नाही आणि तुम्हीही लावू नये.

शेवटी चिमटा घेतला. या वेळी कातीचे टोक केवळ धरून ठेवले, हात टेबलावर टेकवून स्थिर केला आणि काहीही केले नाही. ती स्वतः पुढे सरकू लागली. ओढण्याचे काम तिचे, कारण किती जोर सोसवेल हे तिच्या शरीराला कळते आणि आपल्या हाताला कळत नाही. ती थांबली की मी पकड सैल करायची आणि ती निघाली की पुन्हा धरायची, असे सुमारे चाळीस मिनिटे चालले. एक पाय थोडा वाकडा, पण अखंड बाहेर आला. दुसरा आला नाही. मी तो तसाच सोडला, आणि दुसऱ्या दिवशी तिने तो आपणहून टाकून दिला. त्या जागी निळसर द्रवाचा एक थेंब दिसला, त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावले आणि ते लगेच थांबले. उदराला चीर पडली असती, तर गोष्ट इतकी सोपी राहिली नसती.

आता ज्याबद्दल धीर देता येत नाही ते सांगते. कातीबरोबर केवळ बाहेरचे आवरण निघत नाही. पुस्तकी फुप्फुसांची आणि अन्न शोषून घेणाऱ्या जठराची आतली अस्तरेही निघतात. ते जठराचे अस्तर आतच अडकले, तर टॅरँट्युला दिसायला धडधाकट असते, भक्ष्यही पकडते, पण गिळू शकत नाही, आणि त्यावर घरी करण्यासारखा उपाय नाही. तसेच प्रौढ झालेला नर पुन्हा कात टाकू लागला, तर त्याचे पेडिपाल्प बहुधा अडकतात आणि तो पुष्कळदा वाचत नाही. यात तुमचा दोष नसतो.

म्हणून काढून घेतलेली कात फेकू नका. ती कोमट पाण्यात मऊ करून उलगडा. ढालीखाली, विषदंतांच्या मागे, मधोमध एक इवलासा, चुरगळल्यासारखा तुकडा दिसतो, ते जठराचे अस्तर. उदराच्या आतल्या बाजूला, पुढच्या दोन फुप्फुसांच्या मधे शुक्रकोशांचा, म्हणजे शुक्राणू साठवणाऱ्या पिशव्यांचा उंचवटा दिसला तर ती मादी. मला त्या दिवशी तो उंचवटा स्पष्ट दिसला आणि ‘तो’ची ‘ती’ झाली. जठराचा तुकडा मात्र मला ओळखता आला नाही, कारण मधला भाग मी कात्री चालवताना चुरगळून टाकला होता.

त्यामुळे पुढचे दिवस कठीण गेले. विषदंत आधी दुधासारखे पांढरे होते, मग तांबूस झाले आणि मग काळे. ते पुरते काळे होईपर्यंत डब्यात जिवंत किडा सोडणे म्हणजे मऊ अंगाची टॅरँट्युला त्याच्या पुढ्यात टाकणे होय. नाकतोडा तिला कुरतडू शकतो. मी पाण्याची वाटी भरून ठेवली आणि सोळाव्या दिवशी डोके ठेचलेला एक नाकतोडा चिमट्याने तिच्या पुढे ठेवला. तिने तो उचलला आणि पाठ फिरवून कोपऱ्यात गेली. रात्रभर मी त्या डब्याकडे पाहिले नाही. सकाळी पाण्याच्या वाटीत, तिच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे, चोखून कोरड्या केलेल्या अवशेषांची वाटाण्याएवढी गोळी पडलेली होती.