एका वाफ्यात पाच भाज्या: सोबतीची लागवड कशी करावी

टोमॅटोशेजारी तुळस लावा, कांद्याजवळ घेवडा नको, अशा जोड्यांच्या याद्या सगळीकडे फिरत असतात. त्यातल्या बऱ्याचशा ऐकीव आहेत. एका वाफ्यात कोण कोणाशेजारी नांदेल हे प्रामुख्याने चार गोष्टींवर ठरतं: झाडाची उंची, मुळांची खोली, तयार व्हायला लागणारे दिवस आणि पाण्याची गरज. पहिल्या तीन बाबतींत शेजारी जितके वेगळे तितकं बरं; पाण्याच्या बाबतीत मात्र ते शक्यतो सारखे हवेत. यादी पाठ करण्यापेक्षा हे चार प्रश्न विचारले की जोड्या आपोआप सुचतात.

थंड हंगामातला एक वाफा उदाहरणादाखल घेऊ: टोमॅटो, मुळा, पालक, गाजर आणि कांदा, सोबतीला झेंडू आणि कोथिंबीर.

वाफा तयार करणे

रुंदी ४ फूट (१२० सेंमी), लांबी ८ फूट (२४० सेंमी). रुंदी याहून जास्त नको, कारण दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडला की माती दाबली जाते आणि गाजर वाकडं होतं. रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. माती एक फूट खोल खणून ढेकळं फोडा, खडे वेचा आणि वर पूर्ण कुजलेल्या कंपोस्टचा २ इंचांचा थर पसरून मिसळा. या आकाराच्या वाफ्याला १५ लिटरच्या साधारण १० बादल्या लागतात. अर्धवट कुजलेलं शेणखत मात्र टाकू नका. त्यात गाजराला फाटे फुटतात. टोमॅटोला जास्तीचं खत द्यायचं असेल तर ते फक्त त्याच्या खड्ड्यात, प्रत्येकी दोन ओंजळी.

तयारी लागवडीच्या सहा आठवडे आधीपासून

सगळं एकाच दिवशी पेरून चालत नाही. कांद्याचं रोप सहा ते आठ आठवड्यांचं लागतं. झेंडूचं बी टोमॅटोच्या १५ दिवस आधी ट्रेमध्ये टाका, म्हणजे लागवडीच्या दिवशी झेंडू ४० दिवसांचा आणि टोमॅटो २५ दिवसांचा असेल. यामागे कारण आहे. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटोपेक्षा झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालणं पसंत करतो. पण टोमॅटो फुलावर येईल तेव्हा झेंडूही फुललेला असेल तरच हा सापळा चालतो. त्यासाठी उंच वाढणारा, मोठ्या फुलांचा झेंडू घ्या.

कोण कुठे

ज्या बाजूला उंच झाड लावल्यास त्याची सावली वाफ्याबाहेर पडेल, ती मागची बाजू समजा. सगळी अंतरं मागच्या कडेपासून मोजा.

३० सेंमीवर टोमॅटोची चार रोपं, एकमेकांपासून ६० सेंमीवर. पहिलं आणि शेवटचं रोप वाफ्याच्या टोकापासून ३० सेंमी आत येईल. आधाराची पाच फुटी काठी त्याच दिवशी ठोका. नंतर ठोकली तर मुळं तुटतात.

टोमॅटोच्या दोन रोपांमधल्या जागेत मुळा, १ सेंमी खोल, दाण्यात ५ सेंमी अंतर. इथे २५-३० दिवसांत निघणारी छोटी, गोल जातच हवी. लांब पांढरा मुळा दीड महिना बसून राहतो, आणि तो उपटेपर्यंत टोमॅटोची मुळं तिथवर पोचलेली असतात.

६५ सेंमीवर पालक, १० सेंमी अंतराने. या ओळीच्या दोन्ही टोकांना झेंडूचं एकेक रोप. ८५ सेंमीवर गाजर, जेमतेम अर्धा सेंमी खोल. गाजराचं बी उगवायला दहा दिवस ते तीन आठवडे घेतं आणि तोवर ओळ कुठे आहे हेच कळत नाही. म्हणून त्याच ओळीत दर १५ सेंमीवर मुळ्याचा एक दाणा टाका. तो चार-पाच दिवसांत वर येतो, मातीची पापडी फोडतो आणि खुरपं कुठे चालवायचं नाही ते दाखवतो.

१०५ सेंमीवर कांद्याची रोपं, १० सेंमी अंतराने. कांदा कडेलाच का? काढणीआधी साधारण दोन आठवडे त्याचं पाणी तोडावं लागतं, आणि तेव्हा टोमॅटोला मात्र पाणी हवंच असतं. मध्ये लावला तर दोघांपैकी एकाचं नुकसान ठरलेलं. कांद्याच्या ओळीत तीन-चार ठिकाणी धण्याची चिमूट टाका. त्यातली दोन-तीन झाडं खुडू नका, फुलू द्या. या बारीक फुलांवर येणाऱ्या काही माश्यांच्या अळ्या मावा (रस शोषणारी बारीक कीड) खातात.

पुढचे तीन महिने

पहिले दोन आठवडे झारीने रोज हलकं पाणी, वरची माती सुकू न देता. उगवण झाली की पाणी कमी वेळा पण खोलवर द्या. गाजराला दोन-तीन पानं आली की विरळणी करून ५ सेंमीवर एकच रोप ठेवा. जास्तीची रोपं उपटण्याऐवजी कात्रीने कापा, शेजारच्याची मुळं हलत नाहीत.

तिसाव्या दिवसापर्यंत सगळा मुळा बाहेर. इथे चालढकल नको. जून झालेला मुळा खायच्या लायकीचा राहत नाही आणि टोमॅटोची जागाही अडवतो. आधी पाणी द्या, मग एका हाताने माती दाबून दुसऱ्या हाताने उपटा. टोमॅटोमधल्या रिकाम्या जागेत नवीन काही पेरू नका; २ इंच वाळल्या पाल्याचं आच्छादन करा, मात्र ते बुंध्याला चिकटू देऊ नका.

टोमॅटोला पहिली फळं धरली की खालच्या फूटभरातली पानं काढून टाका. पालकाला उजेड मिळतो, आणि मातीचे शिंतोडे उडून पानांवर चढणारा करपा (पानं वाळवणारा बुरशीचा रोग) कमी होतो. झेंडूच्या कळ्या आठवड्यातून दोनदा उघडून पाहा. अळी दिसली की फूल तोडून नष्ट करा. नाहीतर सापळा म्हणून लावलेलं झाड अळ्यांचा पाळणा होतो.

उष्ण हंगामासाठी: मका, चवळी, भोपळा

अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांची मका, घेवडा आणि भोपळ्याची जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. घेवड्याऐवजी वेलीची चवळीही चालते. फसते ती वेळेमुळे. मका वीतभर उंच होण्याआधी चवळी टोकली तर वेल मक्याला खाली ओढते. भोपळा चवळीनंतर आठवड्याने लावा आणि त्याचे वेल वाफ्याबाहेर वळवा. दुसरी चूक म्हणजे मका एका ओळीत लावणं. त्याचं परागीकरण वाऱ्याने होतं, त्यामुळे एका ओळीतल्या कणसांत दाणे अर्धेमुर्धे भरतात. चार ओळींत चार अशी १६ झाडं, ३० सेंमी अंतराने, चौकोनात लावा. अर्धा वाफा त्यात जातो; उरलेल्या अर्ध्यात भोपळ्याचा एकच वेल.

जिथे हमखास गडबड होते

एकाच कुळातली पिकं शेजारी ठेवणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा एकाच कुळातले. टोमॅटो-बटाट्याचा उशिरा येणारा करपा तर एकावरून दुसऱ्यावर सहज जातो. काकडी, दोडका, भोपळा यांची भुरीच्या (पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या रोगाच्या) बाबतीत तीच गत.

बडीशेप वाफ्याबाहेरच बरी, तिच्याजवळ बऱ्याच भाज्या खुरटतात.

झेंडूकडून सूत्रकृमी (मुळांना लागणारे मातीतले अतिसूक्ष्म कृमी) आटोक्यात येण्याची अपेक्षाही जरा मापात ठेवा. त्यासाठी अख्ख्या वाफ्यात झेंडू दाट लावून दोनेक महिने वाढवावा लागतो. कोपऱ्यातल्या दोन रोपांनी ते काम होत नाही.

शेंगवर्गीय पीक शेजाऱ्याला लगेच नत्र (नायट्रोजन) पुरवतं, हा समजही अर्धाच खरा. मुळांच्या गाठींत साठलेलं नत्र बहुतांशी त्या झाडालाच लागतं. मातीला ते मिळतं मुळं कुजल्यावर. भर बहरात एखादं रोप उकरून गाठ नखाने फोडून पाहा: आतून गुलाबी असेल तर ती काम करते आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. शेंगा संपल्यावर झाड उपटू नका, बुंध्याशी कापा आणि मुळं मातीतच राहू द्या. टोमॅटो काढलेल्या जागी पुढच्या हंगामात चवळी किंवा घेवडा घ्या, आणि टोमॅटोच्या कुळातलं काहीही किमान दोन वर्षं तिथे लावू नका.