डीएसएलआरचा ऑटोफोकस रेंगाळतोय? नवीन लेन्स घ्यायच्या आधी हे करून बघा

गोव्यात चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच, अरे कॅमेरा फोकसच घेत नाही, लेन्स पुढेमागे फिरत राहते, नवीन घेऊ का? घेऊ नका. म्हणजे निदान लगेच तरी नको, आधी नेमकं काय होतंय ते बघू.

स्लो फोकस दोन प्रकारचा असतो आणि लोक दोन्हीला एकच नाव देतात. एकात लेन्स पुढे जाते, मागे येते, परत पुढे जाते आणि कुठेच थांबत नाही, म्हणजे कॅमेऱ्याला धरायला काही सापडत नाहीये. दुसऱ्यात लेन्स बरोबर जागेवर जाते पण रमतगमत जाते, हा मोटरचा प्रश्न. कुठला ते कळायला दिवसाउजेडी अंगणात उभे राहा, मधला फोकस पॉईंट (कॅमेरा ज्या ठिपक्यावर फोकस घेतो तो) निवडा, चार-पाच मीटरवरच्या स्कूटरच्या नंबरप्लेटवर फोकस घ्या, मग लांबच्या माडाच्या खोडावर, मग परत नंबरप्लेटवर. इथे सगळं झटपट झालं तर कॅमेरा ठीक आहे, तुमचा प्रश्न उजेडाचा नाहीतर सेटिंगचा आहे आणि नव्वद टक्के लोक इथेच सुटतात (टक्केवारी माझ्या मनाची, हिशोब मागू नका).

आता पहिली गोष्ट, मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढताय का? मोबाईलची सवय असते त्यामुळे बरेच जण लाईव्ह व्ह्यू चालू करूनच फिरतात. डीएसएलआरचा वेगवान फोकस सेन्सर खाली, आरशाच्या पेटीच्या तळाशी असतो, त्याला उजेड आरशातून मिळतो, आणि लाईव्ह व्ह्यूत आरसा वर गेलेला असतो त्यामुळे तो सेन्सर आंधळा. मग कॅमेरा मुख्य सेन्सरवरचा कॉन्ट्रास्ट बघत बघत चाचपडतो. कॅननच्या ड्युअल पिक्सेलवाल्या बॉडीत, म्हणजे मुख्य सेन्सरच वेगाने फोकस घेतो तिथे (२०१३ च्या ७० डी पासून), हे बरंच सुधारलं, पण १५०० डी किंवा निकॉन डी३५०० असेल तर डोळा व्ह्यूफाइंडरला लावा, अर्धा प्रॉब्लेम तिथेच संपतो.

दुसरं म्हणजे पॉईंट. ऑटोवर ठेवलं की कॅमेरा बहुतेक वेळा जवळचं काहीतरी पकडतो. चोडणला सलीम अली अभयारण्यात खारफुटीत बसलेला खंड्या टिपायला जा आणि ऑटो पॉईंट ठेवा, फोकस पुढच्या फांदीवर जाणार, तिथून सुटला की मागच्या पाण्यावर जाणार आणि तोवर खंड्या उडून जाणार. एकच पॉईंट ठेवा, तोही मधला. १५०० डी मध्ये ९ पॉईंट आहेत आणि डी३५०० मध्ये ११, पण दोन्हीत फक्त मधलाच क्रॉस टाईप, म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा त्याला दिसतात. बाजूच्या पॉईंटना एकाच दिशेच्या दिसतात, त्यामुळे कधी कौलांच्या ओळीवर फोकस अडला तर कॅमेरा जरा तिरका धरा, लॉक होतो, मग सरळ करून फोटो घ्या.

घरातली माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) हा खरा कस बघणारा विषय. समईचा उजेड, वर एकात एक गुंतलेली हिरवी पानं, कांगल्या (रानफळं), सगळं काळपट. पॉईंट पानांच्या गर्दीत ठेवलात तर लेन्स फिरतच राहणार. त्याऐवजी सुपारीच्या शिपट्याची (घडाची) कड धरा, किंवा पिवळ्या तोरिंगाची (मोठ्या लिंबासारख्या फळाची) मागच्या काळोखावर उठून दिसते ती कड, तिथे फोकस घ्या, शटर अर्धं दाबून ठेवा आणि फ्रेम हलवा. तरी नाही झालं तर कोणाला तरी मोबाईलचा टॉर्च दोन सेकंद मारायला सांगा, फोकस झाला की बंद. कॅमेऱ्याचा असिस्ट लाईट पण मदत करतो पण तो साधारण वन शॉट किंवा एएफ-एस (स्थिर विषयाच्या) मोडमध्येच लागतो, सर्व्होत (हलत्या विषयाच्या मोडमध्ये) नाही, आणि कॅननच्या स्वस्त बॉडीत त्यासाठी फ्लॅश वर उचलावा लागतो, मग तो लखलख लखलख करतो आणि आरती चालू असताना आजी तुमच्याकडे बघतात ते वेगळंच.

एक गैरसमज, एफ ८ (म्हणजे लेन्सचं भोक, अॅपर्चर, लहान) ठेवलं म्हणून फोकस स्लो होत नाही. फोकस घेताना लेन्स पूर्ण उघडीच असते, अॅपर्चर फोटोच्या क्षणी बंद होतं. पण किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) ५५ ला झूम केली की ती मुळातच एफ ५.६, तिथे ५० एमएम एफ १.८ कितीतरी जास्त उजेड आत घेते. फक्त ५० ची जुनी कॅनन सेकंड व्हर्जन घेऊ नका, मोटर आवाज करते आणि सुस्त आहे, २०१५ ची एसटीएम बरी.

शिगम्याच्या (होळीच्या सणाच्या) रोमटामेळात, म्हणजे ढोलताशांच्या मिरवणुकीत, किंवा नरकासुराच्या रात्री (दिवाळीच्या पहाटेआधी पुतळे जाळतात तेव्हा) धूर आणि पळापळ असते, तिथे ऑटोफोकसच्या मागे लागूच नका. मेळ जिथून जाणार त्या रस्त्याच्या जागेवर आधीच फोकस घ्या, लेन्स एमएफ (मॅन्युअल फोकस) वर टाका आणि माणसं तिथे आली की दाबा. किंवा फोकस शटरवरून काढून मागच्या बटणावर द्या, निकॉनमध्ये एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑन करता येतं, मग शटर दाबलं तरी लेन्स परत शोधायला लागत नाही. मोठ्या टेली लेन्सवर लिमिटरचा (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारा) स्विच असतो, कॅनन १००-४०० च्या दुसऱ्या व्हर्जनला ३ मीटर ते इन्फिनिटी, लांबचे पक्षी असतील तर तोच लावा, जवळ शोधत बसायचा वेळ वाचतो. धबधब्याला गडद एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) असेल तर आधी फोकस, मग एमएफ, मग फिल्टर. आणि पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) जुना लिनिअर असेल तर तो फोकस बिघडवतो, सर्क्युलर घ्या.

आता आपल्याकडची हवा. पावसात एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की काच धुकटते आणि फोकस लागत नाही, बॅगेतच अर्धा तास राहू द्या. समुद्रावरून आलात की बॉडी किंचित ओलसर फडक्याने पुसा. लेन्सच्या मागचे सोनेरी कॉन्टॅक्ट मात्र कॅमेरा बंद करून कोरड्या मायक्रोफायबरने, खोडरबर नको, त्याची भुकटी आत पडते. ठेवायला घट्ट डबा आणि सिलिका जेल, तांदूळ नको.

एवढं सगळं करून नंबरप्लेटच्या टेस्टमध्ये एकच लेन्स अडखळत असेल तर त्या लेन्सची मोटर, आणि सगळ्याच लेन्स अडखळत असतील तर बॉडी. सर्व्हिसला देताना दोन्ही न्या आणि कुठल्या उजेडात, कुठल्या मोडमध्ये होतं ते कागदावर लिहून द्या, नाहीतर काउंटरवरचा माणूस ट्यूबलाईटखाली एक फोटो काढून 'चालतोय की' म्हणून परत देतो.