घरी दिलेले सीपॅप रुग्णाने मध्येच सोडू नये म्हणून काय करावे

झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णाची तपासणी झाली, डॉक्टरांनी हवेचा दाब ठरवून दिला आणि सीपॅप, म्हणजे त्या दाबाने मास्कमधून सतत हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे मशीन, घरी आले, असे मी धरून चालतो. ह्युमिडिफायरमधले, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भांड्यातले, डिस्टिल्ड पाणी रोज बदलावे आणि मास्कची गादी रोज सकाळी सौम्य साबणाने धुवावी. याबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

खरी परीक्षा मास्क बसवण्याची असते. मशीन सोडणाऱ्या रुग्णात चिकाटी नसते, असे सर्रास बोलले जाते आणि सुरुवातीला मीही तसेच मानत असे. एका आजोबांकडे पंधरा दिवसांनी गेलो, तेव्हा मशीनवर टॉवेल पांघरलेला होता आणि त्यांच्या नाकाच्या हाडावर लालभडक वळ उठला होता. डोळ्यांत हवा जाते अशी तक्रार त्यांनी केली, तेव्हा पट्टे आवळा, असे मीच फोनवर सांगितले होते. त्यांनी ते आवळले, गळती वाढली, म्हणून आणखी आवळले. दोष त्यांच्या चिकाटीचा मुळीच नव्हता.

बहुतेक मास्कच्या गादीचा चेहऱ्याला टेकणारा पदर पातळ असतो आणि तो हवेने फुगून त्वचेला लागला, तरच गळती थांबते. पट्टे फार आवळले की हा पदर चुरगळतो आणि सुरकुतीतून हवा सुटते. शिवाय आडवे झाल्यावर गालांची ठेवण बदलते, त्यामुळे खुर्चीत बसवून मास्कचे माप घेणे मला साफ नामंजूर आहे. रुग्णाला नेहमीच्या कुशीवर झोपवावे, दाब पूर्ण चढू द्यावा, पट्टे सैल करून मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलावा, गादी फुगली की अलगद टेकवावा आणि मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखेच, गळती थांबेल इतकेच ओढावेत. मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांतून येणारी सळसळ म्हणजे गळती नव्हे. उच्छ्वास तिथूनच बाहेर पडतो, म्हणून आवाज होतो या कारणासाठी ती छिद्रे चिकटपट्टीने कधीही बुजवू नयेत.

मास्क लावताच जीव घुसमटत असेल, तर सराव दिवसा करावा: आधी चालू मशीनचा मास्क नुसता हाताने नाकाशी धरावा, दोन-तीन दिवसांनी पट्टे लावून अर्धा तास बसावे आणि मगच रात्रीचा विचार करावा. तोंड कोरडे पडत असेल, तर रुग्ण तोंड उघडे ठेवून झोपतो का ते पाहावे आणि मास्कचा प्रकार बदलण्याबद्दल विचारावे. दाबाला मात्र डॉक्टरांना न विचारता हात लावू नये.

70 टक्के रात्री किमान 4 तास वापर झाला की तो पुरेसा धरण्याची पद्धत आहे, परंतु हा आकडा हिशेबाच्या सोयीचा आहे. स्वप्नांची झोप मुख्यतः उत्तररात्री येते आणि त्या वेळी स्नायू सर्वाधिक सैल पडत असल्याने अनेकांचा श्वास तेव्हाच जास्त अडकतो. म्हणून पहिल्या आठवड्यात "मशीन लावता ना?" असे न विचारता "मास्क किती वाजता काढला?" असे विचारावे. पहिल्या तासात काढला असेल, तर मास्कचे माप पुन्हा पाहावे; लघवीला उठल्यावर काढून पुन्हा लावलाच नसेल, तर मास्क तसाच ठेवून फक्त नळी सोडवायला शिकवावे.