वाचनालयातील विश्वस्त-कार्यवाहांचे जुने फोटो: या चुका टाळा

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. एवढ्या जुन्या संस्थांत अध्यक्ष, कार्यवाह, विश्वस्तांचे फोटो भिंतीवर असतात आणि माळ्यावरही निघतात. साफसफाईच्या उत्साहात त्यांचे नुकसान होते, पण त्याहून मोठा घोळ नावांचा.

फ्रेमखालच्या पट्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ती बऱ्याचदा नंतर रंगवलेली असते आणि त्यावरचे साल फोटोचे नसून कारकिर्दीचे असू शकते. वार्षिक अहवाल काढा, त्यात त्या-त्या वर्षीचे कार्यकारी मंडळ छापलेले असते. समूहचित्रातली चार नावे पक्की झाली, की चौघे एकाच वेळी मंडळावर असलेली वर्षे शोधा. बहुतेक वेळा एक-दोन वर्षेच उरतात. मात्र निरोप समारंभाच्या फोटोत माजी पदाधिकारीही बसलेले असतात, तिथे हा हिशेब फसतो. नोंद करताना ‘बसलेले, पाहणाऱ्याच्या डावीकडून’ असे स्पष्ट लिहा. अंदाजाने ओळखलेल्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. ते एकदा गळले, की चूक पुढच्या प्रत्येक स्मरणिकेत छापली जाते.

फोटोच्या पाठीवर बॉलपेन नको: दाबाचे वळ समोर उमटतात, शाई झिरपते. मऊ पेन्सिलीने, कडेला, फक्त क्रमांक. गुळगुळीत प्लास्टिक-लेपाच्या नव्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे क्रमांक पाकिटावर घाला.

फोटो काचेला चिकटलाय? ओढू नका. पावसाळी दमटपणात फोटोच्या पृष्ठावरचा, चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर मऊ पडून काचेला धरतो आणि ओढल्यावर चेहराच काचेवर राहतो. काचेसकट कॅमेऱ्याने प्रत घ्या: फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे. बारीक जाडीचे स्वस्त स्कॅनर इथे कुचकामी, काचेमागचे चित्र त्यांत धूसर येते. सोडवण्याचे काम संवर्धकाचेच, म्हणजे जुन्या फोटो-कागदांच्या जतनातल्या तज्ज्ञाचे. पुन्हा फ्रेम करताना आम्लमुक्त पुठ्ठ्याची खिडकी कापून काच आणि फोटोत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा.

ओल्या फडक्याने पुसणे, सेलोटेप आणि लॅमिनेशन तिन्ही वर्ज्य. लॅमिनेशन तर परत निघतच नाही. धूळ मऊ ब्रशने, मधून कडेकडे. बुरशी दिसली तर तो फोटो आधी वेगळा करा, ब्रश नंतर.

सुट्या फोटोचे स्कॅन ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके), टिफ (TIFF) या फाइल-प्रकारात. १५×२० सेंटिमीटरच्या प्रतीला एवढे पुरते. ओरखडे पुसायचे, चेहरे उजळायचे ते दुसऱ्या प्रतीवर. मोबाइलमधली ‘सुधारणा’ नसलेले डोळे-मिशा काढून देते. आणि जुना पाठपुठ्ठा फेकण्याआधी उलटून पाहा: स्टुडिओचा शिक्का, पत्ता, कधी तारीखही तिथेच असते. त्याचाही फोटो त्याच क्रमांकाखाली ठेवा.